स्लेड डॉगचं युनिट: मार्चची इडिटारॉड घ्यायची का 1925 चा सीरम रन?

थंडी सुरू झाली की कोणीतरी विचारतंच, वर्गात स्लेड डॉगचं, म्हणजे बर्फावर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांचं, युनिट घ्यायचंय, अलास्काची इडिटारॉड शर्यत लाइव्ह फॉलो करू का नुसती 1925 ची सीरम रनची, म्हणजे कुत्र्यांच्या गाडीने औषध पोचवल्याची, गोष्ट शिकवू. इथे अमेरिकेत मी तिसरीला दोन्ही करून बसलेय, म्हणून सांगते.

इडिटारॉड मार्चच्या पहिल्या शनिवारी सुरू होते, अँकरेज ते नोम, साधारण 1000 मैल. प्रत्येक मुलाला एक मशर, म्हणजे कुत्र्यांची गाडी हाकणारा, द्यायचा आणि रोज सकाळी नकाशावर पिन सरकवायची. मुलं अक्षरशः पळत वर्गात येतात. गणित तर यात फुकटात होतं, कारण प्रत्येकाला एकदा सलग 24 तास थांबावंच लागतं, त्यामुळे यादीत पहिला दिसणारा खरंच पुढे आहे का त्याची विश्रांतीच अजून बाकी आहे हे हिशोब केल्याशिवाय कळत नाही. पोरं यावर भांडतात, भांडू द्या.

पण ताप पण आहे. माझ्या वर्गात एकीचा मशर तिसऱ्याच दिवशी स्क्रॅच झाला म्हणजे शर्यत सोडून घरी, ती बाकावर डोकं टेकून बसली ती डबा खायलाही उठेना. तेव्हापासून मी प्रत्येकाला दोन मशर देते, एक जुना एक नवखा. रूट पण दरवर्षी तोच नसतो, 2025 ला बर्फ कमी म्हणून स्टार्ट फेअरबँक्सला हलवला, आधीच लॅमिनेट केलेला नकाशा गेला कचऱ्यात. आणि कुत्रे दगावतात कधीकधी, 2024 मध्ये 3 दगावले. मुलं विचारणार, पालकही विचारणार, काय बोलायचं ते आधी ठरवा.

सीरम रनला ही अनिश्चितता नाही. नोममध्ये घटसर पसरला, औषध नेनानापर्यंत रेल्वेने आलं आणि पुढचे 674 मैल 20 मशरांनी आळीपाळीने साडेपाच दिवसांत नेलं. घटसर म्हणजे काय हे त्रिगुणी लसीवरून समजवता येतं. दोन आठवड्यांत संपतं, फेब्रुवारीत बसतं. सगळ्यात मजा बाल्टो आणि टोगो या दोन कुत्र्यांच्या वादात, शेवटचा टप्पा बाल्टोने केला म्हणून न्यूयॉर्कला पुतळा त्याचा, सगळ्यात लांब आणि धोक्याचा टप्पा मात्र टोगोचा! श्रेय कोणाचं यावर आठ वर्षांची पोरं काय बोलतात ते ऐकाच. रोज काय होणार याची धाकधूक मात्र यात नाही, शेवट कळला की संपलं.

एक चूक टाळा, इडिटारॉड ही सीरम रनचीच आठवण असं बरेच जण शिकवून मोकळे होतात. 1973 ची पहिली शर्यत अलास्कातल्या जो रेडिंग्टन या मशरने मुख्यतः स्नोमोबाइलमुळे मागे पडत चाललेले स्लेड डॉग आणि जुना इडिटारॉड ट्रेल, म्हणजे ती वाट, वाचावी म्हणून उभी केली.

पहिली-दुसरी असेल तर सीरम रनच घ्या. तिसरीच्या पुढे आणि मार्चमध्ये स्प्रिंग ब्रेक आडवा येत नसेल तर शर्यत, माझं मत तिकडेच. काहीही घेतलंत तरी जिममध्ये दोरी धरून सहा मुलं जुंपा, मागून 'जी' म्हणजे उजवीकडे, 'हॉ' म्हणजे डावीकडे, बैलासारखा कासरा नाहीच, सगळं आवाजावर. आमची पहिली टीम सरळ भिंतीत गेली. कुत्र्यांच्या बूटी (पायात घालायचे छोटे मोजे) बनवणार असाल तर वेल्क्रो घरूनच चिकटवून न्या, वर्गात काढलं की ते पहिलं कोणाच्या तरी स्वेटरला बसतं.