व्हीए-११ हॉल-ए: ऑर्डर ऐकली तर गोष्ट कळते

सायबरपंक, म्हणजे कंपन्यांच्या राज्यातल्या यंत्राळलेल्या भविष्याचा, खेळ म्हणून कोणी हा विकत घेतला आणि बंदूक शोधत बसला, तर त्याचे पैसे वाया गेले समजा. इथे मारामारी नाही, गाड्यांचा पाठलाग नाही. बारचा काउंटर, समोर एक माणूस आणि हातात पेय हलवायचा शेकर. 'व्हॅल्हाला' या नावाने ओळखला जाणारा हा खेळ २०१६ साली पीसीवर आला, पुढे प्लेस्टेशन आणि स्विचवरही. सुकेबान गेम्स ही व्हेनेझुएलातल्या पोरांची छोटी टीम. २०१४ च्या एका गेम जॅमसाठी (ठरलेल्या थोड्या दिवसांत खेळ बनवण्याचा उपक्रम) त्यांनी नमुना केला होता, त्याचाच हा पुढे पूर्ण खेळ झाला. टंचाई, महागाई, पोलिसांची भीती आणि तरीही रोज कामावर जाणारी माणसं त्यांनी घरबसल्या पाहिली होती. खेळातलं ग्लिच सिटी म्हणूनच सिनेमातल्या भविष्यासारखं चकाचक दिसत नाही.

साल २०७-काहीतरी, डिसेंबर महिना. तुम्ही जिल, बारटेंडर. बार बंद होणार हे सुरुवातीलाच कळतं, आणि वर्ष संपायच्या आत घरभाड्याचे १०,००० डॉलर जमवायचे असतात. कथेचा सांगाडा एवढाच. बाकी सगळा भार माणसांवर.

माणसं लय जमली आहेत. डॉनोव्हन हा एका बातमीपत्राचा संपादक, तोंडाने फाटका, आला की बिअर मागतो. घरी जिलच्या फोनवर ज्या बातम्या तुम्ही वाचता त्या त्याच्याच छापखान्यातल्या. अर्ध्या बातम्या कशा शिजतात हे काउंटरवर आधी कळलेलं असतं, त्यामुळे रात्री तेच वाचताना वेगळी गंमत येते. आल्मा सराईत हॅकर आहे, पण बोलते बहुतेक घरच्यांबद्दल. सेई ही व्हाइट नाइट्स नावाच्या दलातली शिपाई. शहराला त्या दलाचा धाक आहे, राग आहे, आणि या पोरीसारखं मवाळ गिऱ्हाईक दुसरं नाही. दिवसाचे चोवीस तास स्वतःचं आयुष्य थेट प्रक्षेपित करणारी एक आहे. गॉगल लावलेला बोलका कुत्राही येतो, आणि दोन वाक्यांनंतर त्याचं नवल वाटेनासं होतं.

बँकेतला गोंधळ, पोलिसांची दडपशाही, रस्त्यावरचा उद्रेक या शहरातल्या मोठ्या घटना पडद्यावर दिसतच नाहीत. गिऱ्हाईक येतं आणि आपल्या वाट्याचा तुकडा सांगून जातं. दुसरं येऊन तीच गोष्ट उलटी सांगतं. पानठेल्यावर तालुक्याचं राजकारण जसं कळतं, तसं. या प्रकारातल्या चांगल्या खेळांची सगळी ओढ इथेच आहे. यंत्राचे हात, माणसासारखे दिसणारे अँड्रॉइड, कंपन्यांचं राज्य हे सगळं मागे भिंतीला टांगलेलं. पुढे बसलेल्या माणसाला मात्र बहिणीशी अबोला कसा मोडायचा हेच विचारायचं असतं.

आता महत्त्वाचं. बहुतेक व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये, म्हणजे चित्रं पाहत वाचायच्या खेळांत, पडद्यावर दोन-तीन उत्तरं येतात आणि त्यातलं एक दाबायचं असतं. इथे ते जवळजवळ नाहीच. जिल काय बोलेल ते ठरलेलं. तुमच्या हातात फक्त पेला. योग्य पेय दिलं, चुकीचं दिलं की जास्त चढेल असं दिलं, यावर पुढचं बोलणं आणि शेवटी कोणाची कथा उघडते ते ठरतं. म्हणून पेय बनवण्याची पद्धत नीट समजून घ्यावी.

घटक पाच: अ‍ॅडलहाइड, ब्रॉन्सन एक्स्ट्रॅक्ट, पावडर्ड डेल्टा, फ्लॅनरगाइड आणि कार्मोट्रिन. शेवटचं म्हणजे दारू. शेकरमध्ये एकूण २० माप मावतात. शुगर रशला अ‍ॅडलहाइड २ आणि डेल्टा १, कार्मोट्रिन ऐच्छिक. बिअरला अ‍ॅडलहाइड १, ब्रॉन्सन २, डेल्टा १, फ्लॅनरगाइड २, कार्मोट्रिन ४. सेईला आवडणाऱ्या मूनब्लास्टला अ‍ॅडलहाइड ६, डेल्टा १, फ्लॅनरगाइड १, कार्मोट्रिन २, वर बर्फ, आणि ते ब्लेंड करायचं. कृती पाठ करायची गरज नाही, पुस्तक पडद्यावरच असतं, चवीनुसार आणि प्रकारानुसार शोधताही येतं.

पहिल्या दोन-तीन रात्री बहुतेकांची पेयं बिघडतात ती हलवण्यात. शेकर सुरू केल्यापासून पाच सेकंदांच्या आत थांबवला तर 'मिक्स', पुढे गेला तर 'ब्लेंड'. पाच सेकंदांनंतर शेकर एकदम जोरात थरथरतो, तीच खूण. मिक्सच्या पेयाला दोन-तीन सेकंदांतच थांबवा. कडेवर नेऊ नका. दुसरी चूक बर्फ आणि 'एज्ड' (मुरवलेलं) ही दोन बटणं विसरण्याची. मापं बरोबर असली तरी बटण राहिलं की पेय फसतं. बिघडलं असं वाटलं तर पेला पुढे सरकवण्याआधी रीसेट दाबा, काही पैसे जात नाहीत. आणि घाई कशासाठी? घड्याळ लागलेलं नसतं.

गिऱ्हाईक 'मोठा' पेला मागेल तेव्हा सगळीच मापं दुप्पट करायची. एकच दुप्पट केलं तर ते भलतंच पेय होतं. मूनब्लास्ट १० मापांचं, दुप्पट २०, बरोबर बसतं. पियानो मॅन मुळातच १८ मापांचं, ते दुप्पट होणारच नाही. तिथे डोकं खपवू नका.

कार्मोट्रिन ऐच्छिक असलेल्या पेयांत खरा डाव आहे. ते जास्त घातलं तर माणूस सैल होतो आणि एरवी न बोलणारं बोलून जातो. अजिबात नाही घातलं तरी चालतं. वर्धा-गडचिरोलीच्या दारूबंदीत वाढलेल्या खेळाडूने हवं तर शुगर रशवर शून्य माप ठेवावं, गिऱ्हाईक तक्रार करत नाही. बिअरला मात्र ती सोय नाही.

ऑर्डर नेहमी सरळ येत नाही. 'गोड काहीतरी', 'नेहमीचंच', 'मागच्या वेळेपेक्षा उलट' अशी भाषा असते. कधी तोंडाने एक मागतात आणि चेहऱ्यावर दुसरंच असतं. जिलला एखादी वस्तू घरी हवी असते, ती घेऊन दिली नाही तर कामावर तिचं लक्ष उडतं आणि पेय बनवताना ऑर्डरची आठवण पडद्यावर येत नाही. वस्तू घेत बसलं तर भाड्याचे पैसे कमी पडतात. यावर साधा उपाय वही-पेन. ऑर्डर लिहून घ्या, वस्तू सोडून द्या, पैसे वाचवा. भाडं चुकलं तर शेवट वाईट लागतो. चुकीच्या पेयाने कमाई घटते, आणि अख्खी पाळी बिनचूक गेली तर वर बक्षिसी मिळते. म्हणून लक्ष देणं हीच कमाई.

गावाकडे खेळणाऱ्याला सगळ्यात जास्त नडतं ते सेव्ह. बोलणं चालू असताना सेव्ह होत नाही. फक्त घरी आणि पाळीच्या मधल्या सुट्टीत होतं. डेस्कटॉप असेल, इन्व्हर्टर नसेल आणि लाइन गेली तर अर्धी पाळी पुन्हा. लॅपटॉपवरच खेळा, आणि मधली सुट्टी आली की न चुकता सेव्ह करा. जुना, ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप पुरतो. चित्रं जुन्या जपानी संगणकांच्या खेळांसारखी ठिपक्यांची आहेत, यंत्रावर ताण नाही. डाउनलोडही आजच्या मोठ्या खेळांच्या मानाने किरकोळ, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरतं.

स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घेतला तर एकदा नेट लावून खेळ उघडा, मग ऑफलाइन मोड चालू करा. नाहीतर टॉवर गेला त्या रात्रीच लॉगिन मागेल. नेटचा फारच त्रास असेल तर जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घ्या. तिथली इन्स्टॉल फाइल पेन ड्राइव्हवर ठेवता येते आणि खेळताना नेट लागत नाही.

मराठी नाही, हिंदीही नाही. सगळं इंग्रजी, तेही वाचायचं. संवादांना आवाज दिलेला नाही. मराठी माध्यमातल्याला वाक्यरचना जड जाणार नाही, इंटरनेटवरची बोलीभाषा आणि टोमणे जड जातील. पुढचं वाक्य तुम्ही दाबल्याशिवाय येत नाही, तेव्हा फोनवर शब्दकोश उघडून निवांत वाचा. संगीत गारोअडचं आहे आणि पाळी सुरू होण्याआधी ज्यूकबॉक्समध्ये गाणी तुम्हीच लावता. वाचण्याचा वेग त्यांनी बदलतो, म्हणून सुरुवातीला संथ गाणी ठेवा. हेडफोन लावा. लैंगिक गप्पा भरपूर आहेत, काही विनोद नुसते ओंगळ आहेत, आणि ते कमी असते तर काही बिघडलं नसतं. घरातल्या लहान पोरांसमोर हा उघडू नये.

मधल्या दिवसांत तोच काउंटर, तोच शेकर, असं होऊन कंटाळा येतो हे खरं. एका बैठकीत दोन पाळ्यांपेक्षा जास्त खेळू नका.

हा आवडला तर पुढे काय? डिकन्स्ट्रक्टीमचा द रेड स्ट्रिंग्ज क्लब, २०१८ चा. त्यातही बारटेंडर, पण पेय भावना जागवायला बनवतात: बाटली ओतली की खूण चार दिशांपैकी एकीकडे सरकते आणि ती माणसाच्या मनातल्या ठिकाणी नेमकी बसवायची. हे लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडवर छळतं, साधा माउस जोडाच. प्रश्न तिथले जास्त टोकदार आहेत, माणसं कमी. निओ कॅब, २०१९ चा, टॅक्सी ड्रायव्हर लीनाचा आहे. तिथे गिऱ्हाईकाने दिलेले तारे कमी झाले की पोट अडचणीत, आणि मनगटावरचं फीलग्रिड तिच्या मनाचा रंग दाखवतं. रंग लाल असेल तर काही उत्तरं देताच येत नाहीत. कल्पना तगडी, पण प्रवासी उतरले की बरेचसे विसरायला होतात.

पैसे एकाचेच असतील तर व्हॅल्हाला घ्या, आणि स्टीमच्या सेलची वाट पाहा. इच्छायादीत टाकून ठेवला की सवलत लागल्यावर मेल येतो.