शुद्ध चांदीची केबल कापून पाहिली तेव्हा

इयरफोनची महागडी केबल विकताना विक्रेत्याने मला जो फरक ऐकवला तो खराच होता, फक्त केबलचा त्यात काही हात नव्हता. कसं ते सविस्तर लिहितो, कारण हीच युक्ती अजूनही जोरात चालू आहे आणि समोरचा ती इतक्या सहज करतो की शंकाही येत नाही.

माझे इयरफोन केबल सुटी करता येणारे. सोबत आलेली केबल पातळ आणि साधी होती, पण तक्रार करण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. "एवढ्या चांगल्या इयरफोनला ही दोरी शोभते का?" इथून बोलणं सुरू झालं. त्याने काढलेली केबल बघत राहावी अशी होती. जाड, आठपदरी वेणी, चंदेरी चमक, केबल दोन कानांकडे फुटते तिथे लाकडी स्प्लिटर, जड धातूचा प्लग. वर्णनात स्पष्ट लिहिलेलं: ९९.९९ टक्के शुद्ध चांदी. किंमत इयरफोनपेक्षा जास्त.

मग ऐकवण्याचा कार्यक्रम झाला. प्लेअर त्याचा, गाणं माझ्या आवडीचं. आधी जुनी केबल ३.५ मिमीच्या जॅकमध्ये, मग नवी केबल शेजारच्या ४.४ मिमीच्या जॅकमध्ये. "स्क्रीनवरचा आकडा बघा, व्हॉल्यूमला हात लावलेला नाही," हेही त्याने आवर्जून दाखवलं. नवी केबल लागताच बेस भरला, गायकाचा आवाज पुढे आला, मागची वाद्यं सुटी ऐकू यायला लागली. कुणालाही कळेल एवढा फरक होता.

गोम त्या दोन जॅकमध्ये आहे. ४.४ मिमी म्हणजे बॅलन्स्ड आउटपुट. तिथे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला दोन अँप्लिफायर एकमेकांच्या उलट काम करतात, त्यामुळे बऱ्याच पोर्टेबल प्लेअरमध्ये आणि डोंगलमध्ये (फोनला जोडून इयरफोनचा जॅक देणाऱ्या छोट्या उपकरणात) व्हॉल्यूमचा आकडा तोच असला तरी व्होल्टेज दुप्पट मिळतं. दुप्पट व्होल्टेज म्हणजे ६ डेसिबल. आणि आवाज वाढला की आपल्या कानाला बेस प्रमाणापेक्षा जास्त जाणवतो; फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून मांडलं. डेसिबलभराचाही फरक असला तर कानाला तो "मोठा" न वाटता "चांगला" वाटतो. इथे तर सहा होते. तीच जुनी केबल ४.४ चा प्लग जोडून ऐकवली असती तरी वाद्यं तशीच सुटी झाली असती.

घरी माझ्या डोंगलला ३.५ चाच जॅक. केबलसोबत आलेला अडॅप्टर लावला आणि सगळी जादू ओसरली. विक्रेत्याला कळवलं. उत्तर तयारच होतं: बर्न-इन होऊ द्या, म्हणजे शे-दोनशे तास वाजवत ठेवा, आवाज खुलेल. वाजवत ठेवली. मग म्हणाला, डोंगल कमी पडतोय. त्यानंतर, कान अजून तयार झालेला नाही. या उत्तरांची खुबी अशी की यातलं एकही खोटं पाडता येत नाही, आणि दरम्यान माल परत करायची मुदत निघून जाते. माझी गेलीच.

पुढे प्लगपाशी संपर्क सुटला आणि एक बाजू येता-जाता बंद पडायला लागली. दुरुस्तीसाठी प्लगचं कव्हर फिरवून काढलं, वरचं आवरण सोललं. बाहेरून पेन्सिलीएवढी जाड वाटणारी केबल आत बहुतेक प्लास्टिक आणि सुती दोरा होती. वरून कीर्तन, आतून तमाशा. प्रत्येक पदरात केसासारख्या बारीक तारांचा छोटा झुपका, तेवढाच काय तो धातू. सोल्डर नीट बसावं म्हणून झुपक्याचं टोक कात्रीने सरळ कापलं आणि भिंगाखाली धरलं. तारांची बाजू चंदेरी, कापलेलं तोंड तांबूस. शुद्ध चांदी आत-बाहेर पांढरीच असते. हे सरळ सरळ चांदीचा मुलामा दिलेलं तांबं होतं.

तसली तार वाईट नसते, हे आधीच सांगतो. चांदीचा मुलामा दिलेलं तांबं कितीतरी चांगल्या केबलमध्ये वापरतात आणि प्रामाणिक विक्रेते तसं लिहितातही. माझं भांडण शुद्ध चांदी म्हणून तिचे पैसे घेण्याशी आहे.

आता समजा ती खरोखर चांदी असती तर? चांदी तांब्यापेक्षा वीज जास्त चांगली वाहून नेते हे खरं, पण किती? साधारण ६ टक्के. २६ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.१३ ओहम. इयरफोनची केबल १.२ मीटर धरली तर जाऊन-येऊन २.४ मीटर, म्हणजे ०.३२ ओहम. समोर ३२ ओहमचा इयरफोन असेल तर एवढ्या रोधाने आवाज घटतो ०.०९ डेसिबल. तेवढ्याच जाडीची चांदीची तार वापरली तर घटतो ०.०८. हा फरक कुठल्याही कानाला कळणार नाही. आणि एक गेज जाड तांब्याची तार घेतली तर धातू सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो, चांदीची बढत तिथेच संपते. वारंवारता वाढली की प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो, त्या स्किन इफेक्टचं नाव घेऊन घाबरवणारेही भेटतात. २० किलोहर्ट्झला तांब्यात प्रवाह पृष्ठभागापासून जवळपास अर्धा मिलिमीटर आतपर्यंत जातो. २६ गेजची अख्खी तारच ०.४ मिमी जाडीची असते. घाबरायचं कारण काय?

एक अपवाद मात्र मान्य करायला हवा, नाहीतर जाणकार लगेच पकडतील. बॅलन्स्ड आर्मेचर या प्रकारचे बरेच ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे भाग) कोंबलेल्या काही इयरफोनचा इम्पिडन्स, म्हणजे त्यांचा विजेला होणारा एकूण विरोध, वारंवारतेनुसार खूप बदलतो, कुठे ५ ओहम तर कुठे ४०. अशा इयरफोनला १ ओहम रोधाची केबल लावली तर ५ ओहमच्या जागी आवाज दीड डेसिबलहून जास्त पडतो आणि ४० च्या जागी जेमतेम ०.२. सूर बदलतो, आणि तो ऐकू येतो. पण हे केबल पातळ किंवा हलक्या प्रतीची असल्याचं लक्षण आहे, आणि असा बदल हवाच असेल तर काडीमोल किमतीचा रेझिस्टरही तो करून देतो. "चांदीचा स्वभाव" वगैरे इथे कुठे येत नाही. तसंही तांबं "उबदार", चांदी "चमकदार", सोनं "मखमली" ही वर्णनं वाचली की मला वाटतं, लोक धातूचा रंग ऐकतात.

आवाजाच्या रुंदीबद्दलही एक सांगायचं राहिलं. नवी केबल लावल्यावर साउंडस्टेज (वाद्यं आपल्याभोवती पसरल्याचा भास) अचानक खूप रुंद झालं, पण गायक मधोमध उभा न राहता डोक्यात कुठेतरी पसरला आणि बेस पातळ झाला, तर खूश होऊ नका. एका बाजूच्या तारा उलट जोडल्या गेल्या असण्याची शक्यता आहे. इयरफोनकडच्या टोकाला दोन पिना असलेल्या केबलमध्ये हे सहज होतं. मोनो रेकॉर्डिंग लावून पाहा, आवाज नाकासमोर एका ठिकाणी यायला हवा. उलट जोडलेल्या केबलच्या खाली "काय हवा खेळते आवाजात!" असे अभिप्राय मी वाचलेले आहेत.

कुणी ऐकवून दाखवत असेल तर दोन अटी घाला. दोन्ही केबल एकाच जॅकमध्ये लागल्या पाहिजेत, आणि कुठली लागली आहे ते तुम्हाला दिसता कामा नये. लावणारा माणूस तिसरा असला तर उत्तम. दहापैकी नऊ किंवा दहा वेळा बरोबर ओळखलं तर ते नुसत्या नशिबाने घडण्याची शक्यता १ टक्क्याच्या आसपास, म्हणजे काहीतरी खरं ऐकू येतंय असं धरायला हरकत नाही. पाच-सहा वेळा जमलं तर पैसे खिशात ठेवा. या अटी ऐकून ज्याचा चेहरा पडतो त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

केबल बदलूच नये असं मी म्हणत नाही. कपड्याला घासली की कानात खरखर करणारी, सतत पीळ पडणारी, घामाने कडक झालेली केबल बदलावीच. प्लेअरला ४.४ चा जॅक असेल आणि सध्याचा आवाज खरंच कमी पडत असेल तर त्या प्लगची केबलही घ्यावी. ही सगळी कामं साधी, नीट सोल्डर केलेली तांब्याची केबल करते. घेताना कनेक्टर पाहा; सारखा काढला-घातला की एमएमसीएक्स हा इयरफोनकडचा गोल कनेक्टर सैल होतो आणि मग केबलला दोष दिला जातो.

पैसे परत मिळवताना शिकलो ते असं. पहिल्या तक्रारीत मी आवाजाबद्दल लांबलचक लिहिलं आणि ती फेटाळली गेली, कारण आवाज आवडला नाही हा माझ्या पसंतीचा प्रश्न ठरतो. दुसऱ्यांदा एवढंच लिहिलं की माल वर्णनाप्रमाणे नाही, आणि सोबत तीन गोष्टी जोडल्या: शुद्ध चांदी लिहिलेल्या पानाचा स्क्रीनशॉट, पावती, कापलेल्या तारांचा जवळून घेतलेला फोटो. प्लग उघडल्यामुळे हमी संपली असा वाद विक्रेत्याने घातला. तो टिकला नाही, कारण मी हमी मागतच नव्हतो. स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा. माझी तक्रार चालू असतानाच त्याने पानावरचं "शुद्ध चांदी" काढून "चांदीयुक्त मिश्रण" केलं. किंमत तीच ठेवली.