जवळचा गट की नेमका गट? नागपुरातील कर्करुग्णाने सोबत कुठे शोधावी

कर्करोगाचे निदान झाल्यावर रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना दोन गोष्टी हव्या असतात, सोबत आणि माहिती. या दोन्ही एकाच ठिकाणी मिळतील असे समजून लोक गटांत शिरतात आणि तिथेच बहुधा निराश होतात. जवळचा गट मिश्र असतो आणि नेमका गट दूर असतो. नागपुरातील रुग्णापुढे साधारण तीन वाटा असतात: रुग्णालयात किंवा एखाद्या सेवाभावी संस्थेत होणारी प्रत्यक्ष बैठक, मराठी-हिंदीत चालणारा व्हॉट्सअ‍ॅप गट आणि एकाच आजाराच्या रुग्णांचा देशभर किंवा जगभर पसरलेला ऑनलाइन समुदाय.

अशा गटांनी आयुष्य वाढते, असे सांगणारा कोणीतरी भेटतोच, आणि त्याचे मूळ 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांच्या अभ्यासात आहे. शरीरात पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या 86 स्त्रियांच्या त्या अभ्यासात दर आठवड्याला गटात बसणाऱ्या स्त्रिया सरासरी दीड वर्ष अधिक जगल्या होत्या. पुढे 2001 साली 235 स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात आयुष्यात असा फरक आढळला नाही. मात्र मनावरचा ताण आणि वेदनेची जाणीव कमी झाली, आणि तीही मुख्यतः ज्या स्त्रिया आधीपासून फार खचलेल्या होत्या त्यांच्या बाबतीत. त्यामुळे मुळात स्थिर असलेल्या माणसाला गटाची गरज भासली नाही, तर त्यात त्याचे काही चुकत नाही. शिवाय हे गट प्रशिक्षित व्यक्तींनी चालवलेले आणि समोरासमोर भरणारे होते. त्यांचे श्रेय मोबाइलवरच्या प्रत्येक गटाला देऊन टाकता येत नाही.

प्रत्यक्ष बैठकीचे बळ ओळखीच्या हवामानात आणि ओळखीच्या स्वयंपाकघरात असते. मल-मूत्रासाठी पोटावर पिशवी बसवलेल्या माणसाला मे महिन्यात, पारा 45 अंशांवर गेलेला असताना, घामाने सुटणाऱ्या चिकटपट्टीचे काय करावे हे नागपूर-वर्ध्याच्या रुग्णाइतके कोणी सांगू शकत नाही. किमोनंतर तोंड आले असता आंबील उतरते की पातळ वरण, जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तोंड उघडण्यासाठी आईस्क्रीमच्या काड्यांचा व्यायाम किती चिकाटीने करावा लागतो, हेही तिथे डोळ्यांनी पाहता येते. पण बैठकीला यावे लागते. तुकडोजी चौकातील प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात, जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून येणाऱ्याला त्यासाठी वेगळी फेरी परवडत नाही. किमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असताना गर्दीच्या खोलीत बसणेही बरे नव्हे. आणि एक गोष्ट फारशी बोलली जात नाही: खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या) या प्रदेशात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ, आणि जीभ किंवा जबडा गेलेल्या माणसाला बैठकीत बोलणे जड जाते, तर लिहिणे सोपे असते.

व्हॉट्सअ‍ॅप गट ही अडचण दूर करतो. सलाइनची बाटली लागलेली असताना, किंवा झोप उडालेल्या रात्री दोन वाजता, खाली मान घालून चार ओळी लिहिता येतात आणि कोणीतरी जागे असते. मात्र त्याची किंमत समजून घ्यावी. गटातील प्रत्येकाला तुमचा मोबाइल क्रमांक दिसतो, आणि एका गटात 1024 माणसे असू शकतात. मुलीचे लग्न ठरायचे आहे म्हणून आजार नातेवाइकांपासून लपवणारी घरे आपल्याकडे आजही आहेत. नागपुरात तर दोन माणसांमागे तिसरा कोणाचा तरी व्याही निघतो. अशांनी वेगळ्या क्रमांकाशिवाय या गटात जाऊ नये. दुसरी किंमत उपायांच्या पुराची. लक्ष्मणफळाचा रस, जर्दाळूच्या बियांतील तथाकथित ‘बी-17’ असले संदेश जिथे दिवसभर फिरतात आणि गटाचा चालक (अ‍ॅडमिन) ते काढत नाही, तो गट सोडावा. त्या बियांतून शरीरात सायनाइड तयार होते, हे तिथे कोणी सांगत नाही.

माझ्या मते म्हणूनच गटाची परीक्षा सदस्यसंख्येवरून नव्हे, तर चालकावरून करावी. तो स्वतः कोण आहे, चुकीचा दावा आला की काय करतो, औषध विकणाऱ्याला बाहेर काढतो का, आणि रुग्ण व सोबतीचे नातेवाईक यांना वेगळे ठेवतो का, हे पंधरा दिवस काहीही न लिहिता वाचले की कळते. शेवटचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे ‘बाबांना अजून सांगितलेले नाही’ असे म्हणणारी मुले गटात येतात आणि त्यांचे प्रश्न स्वतः रुग्ण असलेल्यांना वाचावे लागतात.

तिसऱ्या वाटेचे मोल दुर्मीळ किंवा दीर्घकाळ चालणाऱ्या आजारात कळते. सीएमएल या रक्ताच्या कर्करोगात गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागते. तिच्या रोजच्या त्रासाबद्दल स्तनाच्या कर्करोगाची रुग्ण काय सांगणार? अशा रुग्णांचा ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हा गट भारतातच आहे. परदेशात ब्रिटनच्या मॅकमिलन संस्थेचा ऑनलाइन समुदाय आजारनिहाय विभागलेला असून तिथे टोपणनावाने लिहिता येते, म्हणजे क्रमांक उघड होण्याचा प्रश्न मिटतो. पण तिथले उपचार तिथल्या सरकारी व्यवस्थेतून मिळतात. औषधाचा खर्च कसा उभा करायचा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणते कागद लागतात, यावर तिथून उत्तर येणार नाही. इंग्रजी सराईत नसणाऱ्याला तर ही परदेशातली वाट बंदच आहे, कारण भाषांतराच्या अ‍ॅपमधून दुःख नीट पोहोचत नाही.

निदान नवे असेल आणि घर हादरलेले असेल, तर मी आधी प्रत्यक्ष बैठक किंवा उपचार पूर्ण केलेल्या एकाच अनुभवी रुग्णाशी फोनवरचे बोलणे निवडेन. किमो किंवा शेक (रेडिएशन) चालू असताना लहान, नीट चालवलेला व्हॉट्सअ‍ॅप गट अधिक उपयोगी पडतो. नेमका, दूरचा समुदाय आजार दुर्मीळ असेल किंवा उपचार लांबणार असेल तेव्हा शोधावा. झोप, भूक आणि जगण्याची इच्छाच गेली असेल, तर यांपैकी कोणताही गट पुरेसा नाही. तिथे समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ हवा, आणि रात्री-अपरात्री ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक लावता येतो. तसेच किमो चालू असताना ताप 100.4 अंश फॅरनहाइटवर गेला, तर गटात विचारत बसू नये. तो प्रश्न थेट रुग्णालयाचा आहे, मग रात्रीचे तीन वाजलेले का असेनात.

गटात शिरताना बाहेर पडण्याचेही ठरवून ठेवावे. ज्यांच्याशी रोज बोलणे झाले त्यांच्यापैकी एखाद्याच्या जाण्याची बातमी सकाळी चहाआधी फोनवर येते, आणि उपचार संपलेल्या माणसाला ती पुन्हा त्याच खाटेवर नेऊन बसवते. चांगला चालक अशा बातम्यांसाठी वेगळी वेळ किंवा वेगळा गट ठेवतो. तशी सोय नसेल, तर सूचना बंद करून आठवड्यातून एकदाच गट उघडावा.