कोष्टकापलीकडची आकडेमोड: बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या करांवरील एरंडवण्यातील कार्यशाळा

पुण्याजवळच्या चाकण-पिरंगुट पट्ट्यातील परदेशी कंपन्यांचे हिशेब पाहणाऱ्यांसाठी एरंडवण्यातील एका प्रशिक्षण संस्थेने घेतलेली शनिवार-रविवारची कार्यशाळा, शुल्क जरा चढे असले तरी, करावी अशी आहे. छापील टिपणांवर मात्र डोळे मिटून विसंबू नये.

अशा वर्गांत सहसा देशोदेशीच्या दरांचे कोष्टक दाखवले जाते (हंगेरी ९ टक्के, आयर्लंड १२.५, सिंगापूर १७, ब्रिटन २५) आणि कोण स्वस्त, कोण महाग यावर विषय आटोपतो. येथे वक्त्यांनी एका जर्मन कंपनीच्या पुण्यातील उपकंपनीचा शंभर रुपये नफा गृहीत धरला आणि तो थेट जर्मनीपर्यंत नेला. सवलतीचा पर्याय स्वीकारलेल्या कंपनीला मूळ दर २२ टक्के. त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरून २५.१७ रुपये गेले. उरलेल्या ७४.८३ रुपयांच्या लाभांशावर दुहेरी कर टाळण्याच्या भारत-जर्मनी करारानुसार १० टक्के कर कापला गेला आणि हाती ६७.३५ रुपये राहिले, म्हणजे भारतातच सुमारे ३२.६५ टक्क्यांचा बोजा पडला. हाच व्यवसाय शाखेमार्फत केला, तर ती परदेशी कंपनीच धरली जाते आणि मूळ दरच ३५ टक्के. पुढे याच नफ्यातून जर्मन मूळ कंपनीला दिलेली रॉयल्टी (तिचे तंत्रज्ञान वा नाव वापरण्याचा मोबदला) वजा केल्यावर करपात्र रक्कम किती घटते आणि ती रॉयल्टी बाजारभावाला धरून आहे हे ट्रान्सफर प्रायसिंग अधिकाऱ्यापुढे (एकाच समूहातील कंपन्यांच्या आपसातील व्यवहारांचे भाव तपासणाऱ्या कर अधिकाऱ्यापुढे) कसे पटवून द्यावे लागते, यावर चर्चा इतकी रंगली की चहाची सुट्टी बुडाली. अर्थात बहुतेकांचे रोजचे दुखणे तेच होते.

टिपणांत परदेशी कंपन्यांचा दर अजून ४० टक्केच छापलेला आहे. तो जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने ३५ वर आणला. वक्त्यांनी तोंडी दुरुस्ती केली खरी, पण कर शिकवणाऱ्या संस्थेला हे शोभत नाही.

जागतिक किमान कर अखेरच्या अर्ध्या तासात उरकला, हे अधिक खटकले. वार्षिक उलाढाल ७५ कोटी युरो वा त्याहून अधिक असलेल्या समूहांना आयर्लंडमध्येही २०२४ पासून किमान १५ टक्के भार सोसावा लागतो, त्यामुळे कोष्टकातला १२.५ हा आकडा त्यांच्यापुरता अपुरा ठरतो. हे उदाहरणासह सोडवून दाखवायला हवे होते. त्याऐवजी ॲपलने आयर्लंडला करापोटी १३ अब्ज युरो द्यावेत, या युरोपीय न्यायालयाच्या २०२४ च्या निकालाची हकिकत चवीने सांगण्यात वेळ गेला.

दुहेरी कर टाळण्याचे असे करार अजिबात न वाचलेल्यांनी इतक्यात नाव नोंदवू नये. तेथे गाडी लावायला जागा नाही, मेट्रोने नळ स्टॉपला उतरून चालत जाणे बरे.