टेस्टिंग मेन्यू की आ-ला-कार्ट?

शेतातला माल थेट स्वयंपाकघरात आणणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये पहिला प्रश्न हाच पडतो: शेफ एकामागोमाग देईल ते खायचं (टेस्टिंग मेन्यू), की यादीतून आपल्या आवडीचं मागवायचं (आ-ला-कार्ट)?

माझा कौल टेस्टिंग मेन्यूला. शेत काही आपली ऑर्डर विचारून पिकत नाही; सकाळी जे खुडलं त्यावरच संध्याकाळचं जेवण बेतलं जातं. एकच गाजर तीनदा समोर येऊ शकतं: आधी कच्चं, करकरीत, मग निखाऱ्यावर भाजून कडा काळवंडलेलं, शेवटी त्याच्याच पाल्याच्या हिरव्यागार वाटणासोबत. तिसऱ्या घासाला पहिला आठवतो, आणि हा आनंद सुट्या पदार्थांत मिळत नाही. शिवाय किती जण काय खाणार हे आधीच ठरलेलं असल्याने नासाडीही कमी.

आ-ला-कार्टचं सुख वेगळं. आवडलेला पदार्थ पुन्हा मागवता येतो, तासाभरात उठता येतं. टेस्टिंग मेन्यूला दोन-तीन तास सहज जातात; सोबत लहान मुलं असतील तर तो नकोच.

ॲलिस वॉटर्स यांनी १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ‘शे पानीस’ हे रेस्टॉरंट सुरू केलं, तेव्हा तिथे रोज एकच ठरलेला मेन्यू असे. १९८० मध्ये वरच्या मजल्यावर कॅफे उघडला आणि तिथे निवडीची सोय झाली. म्हणजे एकाच छपराखाली दोन्ही!

ॲलर्जी किंवा पथ्य असेल तर टेस्टिंग मेन्यूसाठी बुकिंग करतानाच सांगा. ऐन वेळी बदल करणं स्वयंपाकघराला फार जड जातं.