गरम पाइपांचं चिन्ह दाखवून फसवलं: कोकणात लाकडी फ्लोअरिंग घेणाऱ्यांनी वाचा

देवगड तालुक्यातलं आमचं घर चिऱ्याचं. जोतंही चिऱ्याचं, वर जुना कोबा. गेल्या उन्हाळ्यात दुरुस्ती काढली तेव्हा आईची खोली आणि शेजारची बैठकीची खोली इथे लाकडी फ्लोअरिंग टाकायचं ठरवलं. आई 78 वर्षांची. पावसाळ्यात गार जमिनीवर पाय टेकला की तिच्या गुडघ्यात कळ जाते. पायाला जरा ऊब लागावी, एवढाच हेतू.

कोल्हापूरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. घर समुद्रापासून जवळ आहे, जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल धरतात, हे मी आधीच सांगितलं. विक्रेत्याने एक नमुना हातात दिला. चांगला जड, कापलेली कड राखाडी, दगडासारखी. मग एक खोकं आणून त्यावरचं चिन्ह दाखवलं: खाली वळणावळणाची नळी आणि तिच्यातून वर जाणारे बाण. म्हणाला, "दादा, हे युरोपातलं चिन्ह. तिकडे जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप फिरवतात आणि त्यावर हे टाकतात. गरम पाण्यावर जे टिकतं, त्याचं तुमचा पाऊस काय वाकडं करणार?"

मला ते पटलं. 310 चौरस फूट, 165 रुपये दर, एकूण 51,150 रुपये. बिलावर फक्त 'वुडन फ्लोअरिंग' लिहिलं होतं. मीही जास्त विचारलं नाही.

मे महिन्यात माल आला. खोकी तशीच, चिन्हही तेच. पण फळी कापली तेव्हा कड तपकिरी दिसली, दाबलेल्या भुशासारखी. कारागिराला विचारलं तर म्हणाला, आतून असंच असतं. तिथेच काम थांबवायला हवं होतं. आई दारात उभी राहून म्हणाली, "आपल्या जमनीक पावसात घाम फुटता रे झिला. ह्यां टिकतलां?" मी तिला त्या चिन्हाचंच कारण सांगितलं.

जूनच्या शेवटी सांध्यांवरून बोट फिरवलं की कड लागायला लागली. जुलैत पलंगाजवळच्या दोन फळ्या तंबूसारख्या वर आल्या. पहाटे उठताना आईचा अंगठा त्यात अडकला आणि नख उपटलं. पलंगाचा पाय हाताशी होता म्हणून ती पडली नाही. त्याच दिवशी मी फळ्या उचकटल्या. खालच्या पातळ फोमवर पाण्याचे थेंब होते. फळीच्या पाठीवर काळे-हिरवे ठिपके, आणि कड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी बोटाने सुटत होती. उरलेला एक कोरा तुकडा रात्रभर बादलीत ठेवला. 8 मिलिमीटरची कड सकाळी साडेदहा मिलिमीटर भरली.

दुकानात दाखवला होता तो एसपीसीचा नमुना, म्हणजे चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांचा पत्रा. घरी आलं ते साधं लॅमिनेट: आत लाकडाचा दाबलेला भुसा, त्यावर लाकडाच्या नक्षीचा छापील कागद, आणि वरून कडक थर. वरच्या थरातून पाणी जात नाही, पण सांध्यातून आणि खालून जातं.

आता त्या चिन्हाबद्दल, कारण माझी खरी फसगत तिथे झाली. जमीन तापवण्याच्या पद्धतीत गरम पाणी बंद नळीतून फिरतं. काही ठिकाणी विजेची तार असते. फ्लोअरिंगला पाण्याचा थेंबही लागत नाही, लागते ती कोरडी ऊब. त्या चिन्हाचा अर्थ इतकाच, की ही फळी उष्णता वर जाऊ देते आणि त्या उबेत टिकते. लाकडी प्रकारांना बहुधा पृष्ठभागावर 27 अंशांची मर्यादा सांगतात, आणि फळी व खालचा फोम मिळून उष्णतेला होणारा अडथळा ठरावीक मर्यादेच्या आत असावा लागतो. ओलाव्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. तिथे लाकूड वाळून आकसण्याची काळजी, आपल्याकडे फुगण्याची. लॅमिनेटच्या खोक्यावर असतात ते एसी 3, एसी 4 हे आकडेही झीज आणि ओरखड्यांचे, पाण्याचे नव्हेत. आणि तापवलेल्या जमिनीवरही ऊब सगळ्यात चांगली पोचवतात ते दगड आणि फरशीच.

चिरा सच्छिद्र असतो, जमिनीतलं पाणी वर ओढतो. म्हणून काहीही टाकण्याआधी कोब्यावर हातभर प्लास्टिक पसरून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस ठेवा, तेही पावसाळ्यात. खाली थेंब दिसले तर लॅमिनेटचा विचार सोडा. एसपीसी स्वतः फुगत नाही, पण ओल खाली कोंडली की तिथेही बुरशी आणि वास येतोच. नमुन्याची कापलेली कड बघा, मोबाइलवर फोटो काढा. आतला गाभा कशाचा, हे बिलावर लिहून घ्या. माल आला की पहिली फळी कापून कड नमुन्याशी ताडून बघा, मगच कारागिराला हात लावू द्या.

दुकानदार फोनवर म्हणाला, तुम्हीच पाणी सांडलं असेल. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्याचा काही उपयोग झाला नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, त्यामुळे कोल्हापूरला खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. निकाल अजून लागायचा आहे. बादलीतला तो फुगलेला तुकडा आणि खोक्याची चिन्ह असलेली बाजू पुरावा म्हणून जपून ठेवली आहे. आईच्या खोलीत आता पुन्हा कोबाच आहे, पलंगापाशी गोधडीची घडी घालून ठेवतो.