रांचीचं बिरसा मुंडा संग्रहालय, वेळ काढून बघाच
रांचीला गेलात तर जुन्या जेलमधलं बिरसा मुंडा संग्रहालय अजिबात चुकवू नका. इंग्रजांविरुद्ध मुंडा आदिवासींचा उठाव उभारणाऱ्या बिरसांना ठेवलं होतं त्या कोठडीसमोर माझा तर गळाच दाटून आला, ९ जून १९०० ला ते याच जेलमध्ये वारले, वय अवघं चोवीस. मुंडा लोक बाहेरच्यांना दिकू म्हणायचे, त्यात सावकार, जमीनदार, ठेकेदार सगळे आले, आणि राग येणारच ना, पूर्वजांनी जंगल साफ करून कसलेली खुंटकट्टी जमीन कर्जात आणि कोर्टकचेरीत हातची गेली, वर त्याच जमिनीवर फुकट बेठबेगारी राबायचं! जमिनीला संरक्षण देणारा छोटानागपूर टेनन्सी ॲक्ट आला १९०८ ला, म्हणजे उलगुलाननंतर, बिरसांच्या त्या उठावानंतर. पोरांना नक्की न्या, घाईत उरकू नका.